चार रेडिओ, एक मशीन

हस्तबीर दाजूंचं एकच पालुपद होतं. "मशीन उकालीवरच का? आमच्या ओरालीत काय छपरं नाहीत?"

मनकुमारीला हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. नेपाळच्या डोंगरात उकाली वरचं गाव, ओराली खालचं. दोघांचे रेडिओ वेगळे आणि झऱ्याच्या पाण्यावरून भांडण पिढीजात. नदीपलीकडचे आणखी दोन रेडिओ धरून चौघांनी आता इंटरनेटवर जायचं ठरवलं होतं, म्हणजे कतार-मलेशियाला गेलेल्या पोरांना तिथे बसून गावचा रेडिओ ऐकता येईल. चौघांचा आवाज इंटरनेटवर सोडणारं मशीन कोणतं घ्यायचं आणि कुठे ठेवायचं, हे ठरवायचं काम मनकुमारीच्या गळ्यात पडलं होतं. रेडिओ उकालीची सगळी यंत्रं तीच बघायची, आणि हस्तबीर, सगळ्यांचे दाजू म्हणजे दादा, ओरालीच्या रेडिओचे प्रमुख.

"छपराचं नाही दाजू, उंचीचं आहे," ती म्हणाली. "उकालीवर चारही स्टेशनं स्वच्छ लागतात. तुमच्या खोऱ्यात तुमचं सोडून दुसरं काही लागतं का?"

"मग चौघांना चार कम्प्युटर घ्या."

"घ्या की! चार बॅटऱ्या, चार सोलर, आणि बिघाड झाला की मी चार डोंगर चढायचे. अहो, आवाज म्हणजे कम्प्युटरला काहीच ओझं नाही. एक साधं मशीन झोपेत चार रेडिओ ओढेल."

शेवटी तिचंच खरं झालं. चार रिसीव्हर, प्रत्येकातून एक वायर, प्रत्येक वायरीला एक साउंड कार्ड आणि चारही कार्डं एका कम्प्युटरला. बुटवलच्या दुकानदाराने तिला आधी लाल-निळे दिवे लागणारं मशीन दाखवलं. "रेडिओ लावायचाय बाबा, वरात नाही काढायची," असं म्हणून तिने साधंच उचललं, वीज कमी खाणारं.

घोळ झाला तो कार्डांपाशी. चारही वायरी एकत्र घेणारा एकच चांगला डबा काठमांडूहून यायला महिना लागणार होता. तिला दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या सणाच्या आत सगळं सुरू करायचं होतं, आणि त्याचं कारण घरातच होतं. तिची सासू, नौसरा आमा, दर शनिवारी सकाळी रेडिओ उकालीवर मगर जमातीची जुनी गाणी म्हणायची. मनकुमारीचा नवरा टेकबहादुर पाच वर्षं दोहात होता. आमाचं गाणं ऐकायचंय, म्हणून दर फोनला तो रडकुंडीला यायचा. आमा फोनवर काही गायची नाही. "फोनला काय गाणं म्हणायचं? तो काय माणूस आहे?" माइक माणूस होता की काय, ते देव जाणे. यंदाच्या दशैंला तरी नवऱ्याने ते गाणं ऐकावं, एवढीच मनकुमारीची इच्छा होती. तिने डब्याचा नाद सोडला आणि दुकानातली चार स्वस्त कार्डं घेतली, एकाच साच्यातली, एकसारखी.

सगळं जोडलं, तपासलं, चारही आवाज ज्याच्या त्याच्या नावाने जायला लागले. हस्तबीर दाजूंनीसुद्धा "बरं आहे" म्हटलं. मशीन बंद करून पुन्हा चालू करून बघायचं मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वीज कडाडली. मोबाइलचा टॉवर गेला तो गेलाच. रेडिओच्या खोलीतलं मशीन बंद पडून आपोआप सुरू झालं. शनिवारी सकाळी रेडिओचं तारेवरचं इंटरनेट चालू आहे, चार हिरव्या खुणा दिसताहेत, एवढं बघून मनकुमारी निश्चिंत झाली. आमा नवी चोळी घालून आली आणि माइकसमोर बसून असं काही गायली, की बाहेर चहावाल्याने रेडिओचा कान पिळून आवाज वाढवला.

दुपार कलताना टॉवर आला आणि पहिलाच फोन टेकबहादुरचा. मनकुमारी हसतच म्हणाली, "ऐकलंत का?"

तिकडून नुसते हुंदके. "आमा कशी गेली गं? काल तर बरी होती ना? सकाळपासून फोन लावतोय, लागेचना."

"अहो, काय बोलताय?"

"केस उतरवले मी. मीठ सोडलं. रेडिओवर निरोप आला तसं सगळं केलं."

आमा तिथेच अंगणात नाचणी पाखडत होती. तिने सूप ठेवलं आणि फोन ओढून घेतला. "कोण मेलं रे? मेल्या, आईला जिवंतपणी पोचवतोस?"

पलीकडे मोठ्यांदा रडणं. त्या रडण्यात हसू होतं. आमाचेही डोळे भरून आले, पण तोंडाचा पट्टा थांबेना.

मनकुमारीने फोन घेतला. "रेडिओवर काय ऐकलंत, नीट सांगा."

"वॉर्ड चारच्या नौसरा थापा मगर पहाटे वारल्या. परदेशातल्या एकुलत्या एका मुलाने केस उतरवावे, मीठ सोडावं. हेच."

"स्टेशन कोणतं लावलं होतं?"

"आपलंच. उकाली."

आणि मग तिच्या लक्षात आलं. उकालीवर त्या वेळी आमा गात होती. गावचा रेडिओ गावाचं नाव कधी सांगतच नाही, गरजच काय? ज्याला ऐकू येतं तो गावचाच. वॉर्ड चार ओरालीलाही आहे, आणि तिथेही एक नौसरा थापा मगर आहे. होती. एकसारख्या कार्डांना कम्प्युटर नावाने ओळखत नाही, जागं झाल्यावर जे आधी सापडेल ते पहिलं. विजेनंतर उकालीच्या नावाने ओराली गेली आणि ओरालीच्या नावाने उकाली. गावात सगळे साधा रेडिओ ऐकतात, म्हणून कुणाला पत्ता नाही.

"मग तिच्या मुलाला काय ऐकू गेलं?" ती स्वतःशीच पुटपुटली.

आमाने ते ऐकलं. "चल," ती म्हणाली आणि चप्पल घालून पुढे निघाली.

उतारावरून दोघी ओरालीत पोचल्या तेव्हा त्या घराच्या अंगणात माणसं बसली होती. घाटावरून परतलेल्या पुतण्याचं डोकं ओलं होतं. हस्तबीर दाजू ओट्यावर होते. मनकुमारीने सगळं सांगितलं आणि आता ते खाऊ की गिळू करणार, म्हणून मान खाली घातली. पण दाजूंनी नुसतं मेलेल्या बाईच्या सुनेकडे पाहिलं. तिच्या हातातला फोन चालू होता. मलेशियाहून तिच्या नवऱ्याचा, दिलबहादुरचा फोन आत्ताच लागला होता, आणि तो खुशीत बोलत सुटला होता. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"अगं, आज ओरालीवर कोण म्हातारी गायली? काय गळा! कारखान्याच्या दारात उभा राहून पूर्ण ऐकलं मी. आईला दे ना जरा. तिला विचारतो कोण होती ते."

सून फोनकडे बघत राहिली. ज्या रेडिओवर भरवसा ठेवून घरच्यांनी निरोप दिला होता, त्याने तिच्या नवऱ्याला गाणं ऐकवलं होतं.

आमाने हळूच तिच्या हातातून फोन घेतला. "मीच गायले रे बाळा. मी उकालीची नौसरा. बस जरा कुठेतरी. बसलास? तुझी आई गेली रे, आज पहाटे."

दिलबहादुरचा कामाचा करार कडक, रजा नाही आणि सोबतीला गावचं कुणी नाही, एवढं कळलं. कितीतरी वेळ आमा त्याच्याशी बोलत होती. मग मनकुमारीला म्हणाली, "टेकेला लाव."

टेकबहादुरने पहिल्याच घंटेला उचललं. "आमा, मीठ खाऊ ना आता? इथले सगळे हसताहेत मला."

"नाही खायचं," आमा म्हणाली. "हसू दे. केस उतरवलेस ते तिच्यासाठी समज. तेरा दिवस सुतक नीट पाळ. आणि दिलबहादुरचा नंबर घे. रोज बोल त्याच्याशी. भाऊ आहे तुझा."

मनकुमारी भिंतीला टेकून रडत होती. हस्तबीर दाजू तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"काठमांडूचा तो डबा मागव," ते म्हणाले. "आणि मशीन राहू दे उकालीवर. फक्त रेडिओवर गावाचं नाव सांगत जाऊ आता. आमचं आम्ही, तुमचं तुम्ही."