ओली चकती

सूनबाईचा फोन आला, "बाबा, आईचा पाला लागू पडला!" मी नातीला घेऊन तिच्या प्रयोगशाळेत पोहोचलो. नातीला घरात सगळे प्रश्नपेटी म्हणतात, आणि पेटी कधी रिकामी होत नाही.

सूनबाईचं काम चिकाटीचं. औषधी म्हणून सांगितलेल्या झाडाचा पाला स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढायचा. कागदाची शर्टाच्या बटणाएवढी चकती त्यात बुडवायची, वाळवायची आणि जंतू पसरलेल्या बशीत ठेवायची. अर्कात दम असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू नसलेलं स्वच्छ कडं दिसतं. एकतीस झाडं झाली, एकाचंही कडं नाही. बत्तिसावं तिच्या आईच्या परसातलं. विहीणबाई गेल्या वर्षी गेल्या. खरचटलेल्या गुडघ्यांवर त्या हाच पाला वाटून लावत.

"बघा!" तिने बशी उजेडात धरली. कडं ठसठशीत होतं. "उद्या सरांना दाखवते. आईचं नाव लागेल या कामाला."

"आई, आजीची चकती ओलीच का ठेवलीस?"

"कुठे ओली?"

"काल मी दाराच्या काचेतून बघत होते ना. चिमट्यातून थेंब गळला. बाकीच्या तू वाळवल्यास."

"झालं हिचं सुरू! जिथे तिथे नाक खुपसायचं."

"तिच्यावर कशाला चिडतेस?" मी म्हणालो. "स्पिरिटनेही जंतू मरतात ना?"

तिने कडं पुन्हा एकदा पट्टीने मोजलं, जणू मोजल्याने ते खरं होणार होतं. मग सरांकडून एक दिवस मागून घेतला आणि नवी बशी काढली. तीन चकत्या ठेवल्या: पाल्याची वाळवलेली, नुसत्या स्पिरिटची वाळवलेली आणि नुसत्या स्पिरिटची ओली. या वेळी कुठली वाळली, कुठली नाही, ते प्रश्नपेटीने काचेला नाक लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कडं एकाच चकतीला होतं. ओलीला.

सूनबाई खुर्चीवर बसली. प्रश्नपेटीचा चेहरा उतरला. "म्हणजे आजी खोटं सांगायची?"

"पाला लावायच्या आधी आजी काय करायची?" मी विचारलं.

"उकळून गार केलेल्या पाण्याने गुडघा धुवायची. मी रडले तरी सोडायची नाही. म्हणायची, अजून माती आहे."

सूनबाई डोळे पुसत हसली. "माझंही तसंच करायची. पाल्याला हात लावायच्या आधी स्वतःचे हातही घासून घ्यायची."

तिने वही ओढली. बत्तिसाव्या ओळीत, आधीच्या एकतीस ओळींसारख्याच अक्षरात लिहिलं: कडं नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली: चकती वाळल्याची खात्री दुसऱ्या कुणीतरी करावी.

"दुसऱ्या कुणीतरी म्हणजे?"

"म्हणजे तू, नाकखुपशे. चल, तेहतिसाव्या अर्काची बाटली बघू. आधी हात धू."