भंबुळी

“कोणाला खरं वाटणार नाही, पण मी घडवलेली घागर एकदा वाऱ्यावर उडाली,” असं म्हणून भैरू तांबटाने हातोडा खाली ठेवला.

भैरूने हातोडा ठेवला म्हणजे गोष्ट सुरू होणार, हे कसबा पेठेत सगळ्यांना ठाऊक. गिऱ्हाइकं सरसावून बसली. ओट्याच्या कडेला हेरंबशास्त्री मांडीवर कागद घेऊन बसले होते. त्यांनी मात्र मान वर केली नाही. शास्त्रीबुवा सरकारवाड्यासाठी मराठी शब्दांचा कोश रचत होते, आणि आज संध्याकाळी ‘भ’ची पानं नकलेला जायची होती.

भैरूचा जीव त्याच ‘भ’मध्ये अडकला होता. जन्मभर ठोकलेली भांडी एक ना एक दिवस मोडीत जाणार, वितळणार. शब्द कोण वितळवणार? म्हणून त्याने एक शब्द घडवला होता: भंबुळी. कुणाचं नुकसान न करता ऐकणाऱ्याला खूश करून सोडणारी थाप. वर्षभर त्याने तो येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट वाटला. पण शास्त्रीबुवांचा नियम कडक. सांगितलेला शब्द ते घेत नसत. बोलता बोलता, गरजेपोटी कोणाच्या तोंडून निघाला तरच घेत. परवा रज्जाक अत्तरवाला त्यांच्यासमोर मुद्दाम ‘भंबुळी’ म्हणाला, तेव्हा ते एवढंच बोलले,

“पढवलेल्या पोपटाला डाळ घालावी. कोशात घालू नये.”

तेव्हापासून आळीतलं कोणी तोंड उघडत नव्हतं.

“तर घागर ठोकून ठोकून इतकी पातळ झाली, की फुंकर मारली तरी हलायची,” भैरू रंगात आला. “आली झुळूक, गेली उडत थेट लोणी काळभोरावर. त्या दिवशी नेमकी संकष्टी. गावाला वाटलं, चंद्र उगवला. सगळ्यांनी उपास सोडला. घटकाभराने खरा चंद्र आला, तर त्याच्यासाठी पुन्हा मोदक वळायला बसले बिचारे.”

लोक पोट धरून हसले, पण ‘भंबुळी’ कोणाच्याच तोंडून निघालं नाही. भैरूने चोरून शास्त्रीबुवांकडे पाहिलं. बोरू कोरडाच.

एवढ्यात गळकी घागर काखेत घेतलेली एक बाई गर्दीतून पुढे आली. भैरूने तिला आजवर कधी पाहिलं नव्हतं.

“मी सरुबाई, लोणीचीच हाय. आमच्यात कुनी एका दिसात दोनदा उपास सोडला न्हाई. तांबटतात्या, ही निव्वळ भंबुळी हाय.”

हेरंबशास्त्र्यांची मान वर झाली.

“बाई, हा शब्द तुम्हांला कोणी शिकवला?”

“शिकवायचा कशाला? असल्या बोलन्याला दुसरं काय म्हनत्यात?”

बोरू दौतीत बुडाला. कागदावर त्याची कुरकुर ऐकू येऊ लागली, तसं भैरूला राहवेना.

“अगं सरुबाई, तो शब्द माझा. मीच घडवलाय तो, इथंच, या ओट्यावर.”

सरुबाईने गळकी घागर त्याच्यापुढे ठेवली आणि ती शास्त्रीबुवांकडे वळली.

“बघा,” ती म्हणाली, “ही दुसरी भंबुळी.”