चेटकीण ओळखणारं लाल पाणी

गोरखचिंचेखाली अख्खं गाव लोटलं होतं. नापारीचं पोर तापानं गेलं होतं, आणि ते कुणाच्या नजरेनं गेलं हे सांगायला देवऋषी जाटो शहरातून मोटारसायकलवर आला होता. मोटारसायकलीला दोन हॉर्न होते. दोन्ही चालत होते.

"हे माझ्या देवाचं रक्त!" त्यानं समोर मांडलेल्या भोपळ्याच्या तुंब्यांतलं लाल पाणी दाखवलं. "चेटकिणीचा हात बुडाला की हिरवं पडतं. माझा देव चुकत नाही, लाचही खात नाही!"

गावातल्या विधवा म्हाताऱ्या ओळीनं बसवल्या होत्या. जाटोनं प्रत्येकीच्या तळहाताला अंगारा चोळला. एकेकीनं आपापल्या तुंब्यात हात बुडवला. एकीचं सोडून सगळ्यांचं पाणी लालच राहिलं. सुईण सनातूचं हिरवं झालं.

"हाकला तिला!" गाव ओरडलं. हाकललेल्या बायका परत येत नाहीत.

"अरे, त्या पोराची नाळ मी कापली," सनातू म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

"बाई, हे तर सोबोलो!" चौथीतली लामिसी आमच्या शाळेच्या राहिनाबाईंकडे बघून ओरडली. सोबोलो म्हणजे आमचं लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं घातलेलं सरबत. मी म्हातारपणी चौथीच्या मागच्या बाकावर अक्षरं गिरवतो, म्हणून मलाही ठाऊक होतं. त्याच आठवड्यात पोरांनी सोबोलोत साबण, राख, लिंबू घालून पाहिलं होतं.

"गप गं पोरी, देव कोपेल!" जाटो ओरडला.

"देवाच्या रक्तात आलं घालतात?" लामिसीनं तुंबा हुंगत विचारलं.

राहिनाबाई पुढे आल्या. "देवऋषी, सगळ्यांना अंगारा एकाच पिशवीतला?"

"एकाच!"

त्याच्या कमरेला पिशव्या दोन होत्या.

"मग सनातूआजींना लावलात तोच तुमच्या हाताला लावू."

मुखियानं मान डोलावली. लोकांनीच जाटोचा हात धरला, सनातूच्या पिशवीतला अंगारा त्याला चोळला आणि तो लाल पाण्याच्या एका तुंब्यात बुडवला. पाणी हिरवं.

"अरेरे," मुखिया म्हणाला, "हाही चेटकीण."

लामिसीनं सनातूच्या तुंब्यात लिंबं पिळली. पाणी पुन्हा लाल. "आजी, उतरलं तुमचं चेटूक."

पिशव्या उघडल्या तर एकीत बाजरीचं पीठ होतं, दुसरीत चुलीतली राख. पिठानं सोबोलोला काही होत नाही. राखेनं ते हिरवं होतं, लिंबाच्या आंबटपणानं परत लाल. आमच्या पोरांना हे सरबताइतकंच साधं वाटतं.

नापारी सनातूपुढे येऊन बसला. "मग आजी, माझं पोर कशानं गेलं?"

"तापानं रे बाबा. दवाखान्यात ने म्हणत होते मी."

बाबांनो, ताप आला की पोराला दवाखान्यात न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला तर म्हणा, पुन्हा कर. या खेपेला सामान आमचं.