बाकाचा चौथा पाय

मी बाक बोलतोय. बागेतला नव्हे, बसथांब्यावरचाही नव्हे, घरचा. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला एका अंगणात असतो. मला चार पाय आहेत आणि त्यांतल्या एकाची ही गोष्ट आहे. तीन पायांचं सगळं सुरळीत चाललं, म्हणून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माणसांच्या घरीही असंच असावं.

बारा वर्षांपूर्वी या घराच्या चौकटी बसवून झाल्यावर थोडं सागवान उरलं. मालक गणपतराव म्हणाले, "वाया घालवू नका, टेकायला कायतरी करा." ईरप्पा सुतारानं दोन दिवसांत मला उभा केला. गणपतराव होते तोवर रोज सकाळी माझ्यावर बसून पेपर वाचायचे. ते गेल्यावर माझ्यावर माणसं कमी आणि वाळवणं जास्त बसली. कुंड्या, कुरडया, धुतलेल्या चपला. बसायला म्हणून केलेल्या वस्तूवर माणसं आधी काहीतरी ठेवतात, हे मी पाहून ठेवलंय.

दर दिवाळीला मला हिरवा ऑइलपेंट मिळायचा. आधीचा न खरवडता वर नवा. बरं दिसलं की बरं झालं, असं माणसांना वाटतं.

मग घरात क्रांती आली. गणपतरावांचा मुलगा अमरसिंह आणि सून पूर्णिमा यांची मुलगी. तिची आंघोळ अंगणात, कोवळ्या उन्हात, माझ्या पुढच्या डाव्या पायाशी पाट टाकून. आजी बाळाबाई तेल चोळायच्या, पूर्णिमा पाणी घालायची. पाणी घालता घालता तिच्या मनात नाही नाही ते यायचं. पाणी फार गरम आहे का, बाळ रडत नाही म्हणजे बरं आहे की वाईट? बी.एस्सी. झालेली मुलगी, पण मोबाइलवर काहीतरी वाचायची आणि आणखी घाबरायची.

क्रांती वेळेवर बसली, वेळेवर रांगली, आणि तिथंच थांबली. पंधरा महिने झाले तरी नुसती माझी कड धरून उभी राहायची. माझीच. खिडकीचे गज नकोत, आजीचं बोट नको. उभी राहून माझ्यावर तळहात आपटायची आणि खूश व्हायची. पाऊल मात्र उचलायची नाही.

शेजारच्या रत्नव्वा कुंपणावरून म्हणाल्या, "नाव क्रांती, आणि पोरगी जागची हलंना. काय गं हे!"

बाळाबाई कशाला ऐकून घेतील? "हलंल की! तुमच्या शशिधरला बोलाय तीन वर्षं लागली. आता थांबतोय का?"

पूर्णिमा हसली नाही. त्या दिवशी तिनं डॉक्टरांना पुन्हा फोन केला. ते पुन्हा तेच म्हणाले, अठरा महिन्यांपर्यंत वाट बघू.

आणि सोळावा महिना लागला त्या आठवड्यात मी दगा दिला. क्रांती मला धरून उभी होती. डावा पाय बऱ्याच दिवसांपासून हलत होता. तो कट्ट करून मोडला. मी कललो, ती मागं पडली, माझी कड तिच्या ओठाला लागली. रक्त थेंबभरच आलं. पण पूर्णिमा तिला छातीशी धरून कितीतरी वेळ एकच म्हणत होती, "हलतोय हे मला माहीत होतं. मला माहीत होतं." मला बोलता आलं असतं तर म्हणालो असतो, बाई, मलाही माहीत होतं.

अमरसिंह कागलच्या एमआयडीसीत मशीन दुरुस्तीवर आहे. त्याचा निकाल तयार होता. "टाका बंबात. मी प्लास्टिकची खुर्ची आणतो. हलकी असती, पडली तरी लागायची न्हाय."

खुर्ची आली. क्रांतीनं धरली की ती सरकायची. दोनदा आपटल्यावर पोरीनं खुर्चीकडं बघायचं सोडलं. मला भिंतीला टेकवलं होतं; ती रांगत माझ्याकडं यायची, पूर्णिमा उचलून न्यायची. त्यानंतर पाच दिवस क्रांती कशालाच धरून उभी राहिली नाही.

सहाव्या दिवशी पूर्णिमा म्हणाली, "अहो, बाक दुरुस्त करायचा."

"अगं, लाकूड हाय ते. डॉक्टर न्हाय."

"उभी राहत होती तेवढंही सोडलंय तिनं. मला वेडी म्हणा. मी स्वतःला रोज म्हणतेच. पण बाक बंबात जाणार नाही."

सोपं नव्हतं. आता दुरुस्तीला सुतार येत नाहीत. मोडकं बघून नव्याचाच भाव सांगतात. शेवटी बाळाबाईंनी ईरप्पाला शोधून काढलं. केस पिकलेले, कमरेत वाकलेला. मला पाहताच म्हणाला, "अरं, ह्यो तर माझा हाय की!" आणि पुढच्याच क्षणी, "ह्येला काय केलंय तुम्ही?"

त्यानं रंग खरवडला. मोडक्या पायात टोच्या खुपसला, तो पेढ्यात जावा तसा गेला. मग आतून टणक राखाडी गोळा खाली पडला.

"सिमेंट? हे कुणी भरलं?"

सुट्टीवर असलेला अमरसिंह आभाळाकडं बघायला लागला.

"कागलला मशिनीत बी सिमेंटच भरता का, साहेब?"

बाळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. ईरप्पानं त्या पायाच्या जुन्या जागेवरची माती चिमटीत घेऊन चोळली. "आणि रोज पाणी पडतंय इथं. कसलं?"

मग पूर्णिमा हळूच म्हणाली, "क्रांतीची आंघोळ." आणि थांबून, "म्हणजे हेही मीच केलं."

"अक्का, पाण्याला दोष देऊ नका. वरनं रंग, आतनं सिमेंट. शिरलेलं पाणी जाणार कुठनं? उघडं ठेवलं असतं तर वाळलं असतं."

मला पूर्णिमाला सांगायचं होतं की ते पाणी मला आवडायचं. कोमट, त्यात डाळीच्या पिठाचा नि दुधाचा वास. बाकीच्या तीन पायांना ते सुख कधी मिळालं नाही.

ईरप्पानं कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला. तिरका कापला, म्हणजे सांधा धरायला जागा जास्त. तसाच तिरका नवा सागवानी तुकडा घडवला, गोंद लावून बसवला, दोन लाकडी खुंट्या मारल्या. दोरी गुंडाळून, तीत काठी घालून पीळ दिला. "दोन दिवस कुणी हात लावायचा न्हाय. आणि आंघोळ दुसरीकडं."

ते दोन दिवस मला आणि पूर्णिमाला सारखेच लांब गेले.

तिसऱ्या दिवशी ईरप्पानं दोरी सोडली, पायाच्या तळाला जवसाचं तेल पाजलं, चारी पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले. रंग लावला नाही. म्हणाला, "बसा कुणीतरी. चांगलं वजन टाकून."

बाळाबाई म्हणाल्या, "माझा गुडघा मोडंल आधी. पूर्णिमा, तू बस."

पूर्णिमा जागची हलली नाही. लग्नाला सहा वर्षं झाली. ती पायरीवर बसली, जमिनीवर बसली, माझ्यावर कधीच नाही. सासऱ्यांची जागा, आणि समोर सासूबाई. नको असं कुणी म्हणालं नव्हतं. बस असंही कुणी म्हणालं नव्हतं.

"आत्ती, तुमच्यासमोर कसं..."

"बस की गं! पाय तपासायचाय, मान न्हाय."

ती बसली. डोळे मिटून, सगळं वजन डाव्या बाजूला टाकून. मी हूं की चूं केलं नाही.

आईला तिथं पाहून क्रांती पायरीवरून रांगत आली. माझं उजवं टोक धरून उभी राहिली. पूर्णिमा उठायला लागली.

"उठू नगंस," बाळाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "येऊ दे तिला."

क्रांतीनं माझ्या कडेवर एक हात सरकवला. मग दुसरा. मग, बऱ्याच विचारानं, पाय. माझी लांबी चार फूट. तेवढ्यात एक चहा उकळून झाला असता. ईरप्पा हातातला पॉलिश कागद तसाच धरून उभा होता. शेवटी दोन ओले तळहात पूर्णिमाच्या गुडघ्यावर आपटले.

"आत्ती, ह्याला चालणं म्हणायचं का?"

"मग काय पोहणं म्हणायचं?"

पूर्णिमा हसली, आणि बराच वेळ उठली नाही.

खरं सांगायचं, तर क्रांतीनं पहिलं सुटं पाऊल माझ्यापाशी टाकलं नाही. तीन आठवड्यांनी स्वयंपाकघरात टाकलं, लोण्याच्या वाटीकडं. मी बाहेरून फक्त आरडाओरडा ऐकला. "आत्ती, सोडला! हात सोडला हिनं!" आणि काहीतरी पितळी घरंगळलं. थोडं वाईट वाटलं. पण मी बाक आहे. लोक उठून जातात म्हणून रुसून मला चालणार नाही.

आता ती माझ्यासमोरून पळत जाते, मागं वळून बघत नाही. पूर्णिमा दुपारचा चहा माझ्यावर बसून घेते आणि नवी काळजी करते: फार पळते, पडेल. माझा डावा पाय दोन रंगांचा आहे आणि मला तो तसाच आवडतो.

तुमच्याकडं असा एखादा डुगडुगणारा बाक असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी त्याच्या पायाशी जरा वाका. कुठं मऊ झालाय ते बघा. तेवढंच काढा, बाकीचं राहू द्या. आणि कुंड्या उचलून बसा.