दिशाच्या गुडघ्याचा पट्टा

मित्रांनो, मी गुडघ्याचा एक जुना पट्टा आहे. हसू नका. कमरेचा पट्टा सगळ्यांना ठाऊक असतो, माझी ओळख मात्र मलाच करून द्यावी लागते. माझ्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत, आत काळा मऊ स्पंज आहे आणि मधोमध बिजागरी आहे. बिजागरीला एक छोटी कळ आहे. ती बंद केली की गुडघा ताठ राहतो, उघडली की वाकतो. एवढ्याशा कळीने एका घरात काय रामायण घडवलं, तेच सांगायचं आहे.

पुण्याच्या एका दुकानात मी कितीतरी दिवस खोक्यात पडून होतो. शहाण्णव साली वालचंदनगरच्या दिशा नावाच्या मुलीसाठी मला तिथून नेलं. दिशा खो-खो खेळायची. इंदापूरच्या सामन्यात खांबाला वळसा घालताना तिचा पाय मुरगळला आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. पुण्यात ऑपरेशन झालं, नवीन लिगामेंट बसवलं आणि त्यावर पहारेकरी म्हणून मला बांधलं.

वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकतो न टाकतो, तोच शेजारच्या सारजाकाकू बघायला आल्या. "जयभीम" म्हणाल्या आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. "पोरीच्या पायाला ह्ये काय बैलाचं जू बांधलंय गं?" मला असा राग आला म्हणता!

पण माझे लाडही फार झाले. दिशाची आई कौसल्याबाई मला ओल्या फडक्याने पुसायच्या, सावलीत वाळवायच्या. वडील ज्ञानदेवआबा कारखान्यात फिटर होते. ते माझ्या बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचे आणि ती हलवून बघायचे. असा जाणकार हात मला पुन्हा लाभला नाही.

सुरुवातीचे आठवडे पाय ताठच ठेवायचा होता. मग बारामतीच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी कळ उघडली आणि रोज पाय थोडा थोडा वाकवायला सांगितलं. दिशा खूश झाली, मीही खूश झालो. पण घरी गेल्यावर दिशाचा डोळा लागला की आबा हळूच यायचे आणि कळ बंद करायचे. ती सकाळी उघडायची, दुपारी जेवायला घरी आले की तिच्या झोपेत ते पुन्हा लावायचे. दिशाला वाटे, कळच ढिली झाली आहे आणि आपोआप बसते आहे. फुकटचा ठपका माझ्यावर! आणि मला तोंड नाही.

पुढच्या खेपेला बाईंनी पाय वाकवून पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "गुडघा आखडायला लागलाय. असाच राहिला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. नाही वाकला तर खो-खो विसरायचा."

मित्रांनो, खो-खोत मैदानाच्या मधल्या पाटीवर उकिडवं बसावं लागतं. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला खेळात जागाच नाही. परतीच्या एसटीत दिशा खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिच्या पायावर होतो, मला तिचे हुंदके कळत होते.

त्या दिवशी दुपारी ती झोपली नाही, नुसते डोळे मिटून पडली. आबांचा हात माझ्यावर आला, तसा तिने तो धरला.

"आबा, तुमी?"

आबा खाली बसले. "पोरी, वेल्डिंग गार झाल्याबिगर क्लॅम्प सोडायचा नसतो. नवा सांधा हाय तुझा. त्या दिवशी मैदानावर तुझा गुडघा टककन वाजला, त्यो आवाज अजून माझ्या कानातनं जात न्हाय."

दिशा चिडली नाही. तिने विचारलं, "आबा, हंगाम संपल्यावर साखरेच्या कारखान्यातली मशीनं बंद असतात, तवा तुमी ती हातानं फिरवायला का जाता?"

"जाम हुतात. फिरवली न्हाय तर..."

आबांनी तिच्या आखडलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. कौसल्याबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आबांनी माझी कळ स्वतःच्या अंगठ्याने उघडली आणि दिशाची टाच तळहातावर घेतली. "दुखलं तर सांग," म्हणाले. तिला दुखलं. ती नाही म्हणाली, आणि आबांना ते कळलं, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. त्या दिवसापासून रोज कामावरून आले की हातपाय धुऊन ते तिच्या पायाशी बसायचे. मला त्या दोघांचा फार लळा लागला.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. आता माझी गरज नव्हती. तरी आबांनी मला पिशवीत घातलं. "असू दे बरुबर," म्हणाले.

इंदापूरच्या त्याच मैदानाच्या कडेला मी त्यांच्या मांडीवर होतो. दिशा पाटीवर उकिडवी बसली, गुडघा पुरता वाकला. आबांचा अंगठा माझी कळ बंद करत होता, उघडत होता, पुन्हा बंद करत होता. तेवढ्यात मागून "खो" आला. दिशा उठली, धावली आणि खांबाजवळ पोचली. त्याच खांबाजवळ! तिने वळसा घातला आणि पुढे निघाली.

आबा ताडकन उभे राहिले. मी मांडीवरून घसरून धुळीत पडलो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला पुसा, वाळवा, तेल द्या. पण डॉक्टर सांगतील त्या दिवशी त्याची कळ उघडा आणि भीती वाटली तरी पुन्हा लावू नका. सामना संपेपर्यंत मला कुणी उचललं नाही. मी धुळीतून आबांकडे बघत होतो आणि आबा दिशाकडे बघत होते.