एका माणसापुरतं

मी हेवेखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वजनासाठी ऑपरेशन करून घेतलं, पोट कापून एवढंसं केलं, आता त्यात जेमतेम अर्धी वाटी अन्न मावतं. पण दुसऱ्याचं बरं बघून पोटात दुखायचं ते काही थांबलं नाही.

त्याआधी मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होते. माझ्या पातेल्यात उभा माणूस मावला असता. तिन्ही पाळ्यांची माणसं जेवून जायची, तरी माझ्या काउंटरवर ‘संपलं’ हा शब्द कुणी कधी ऐकला नाही. त्याचा मला भारी तोरा होता. शेवटचा माणूस जेवून गेला की मी उभ्या उभ्या पातेलं खरवडायची आणि घरी यायची.

आता लांबलचक रजेवर, घरी एकटी. नवरा जाऊन वर्षं झाली, लेक तिच्या संसारात. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, “एका माणसापुरतं करा, ताजं करा आणि बसून सावकाश खा.” सांगायला काय जातं! एका माणसाला मीठ किती लागतं हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. मसूर भिजत घातले की टोप भरायचा. एक अंडं फोडलं की हात आपोआप दुसऱ्याकडे वळायचा. मग माझी अर्धी वाटी बाजूला काढायची आणि समोरचं दार वाजवायचं.

समोर शिंपी राहतात. सगळे त्यांना मास्टर म्हणतात. बायको गेल्यापासून चहा-पावावर दिवस काढणारा काडीपहिलवान. माझे ढगळ झालेले कपडे तेच आत घेऊन देत होते. ते माझ्या स्वयंपाकघरात जेवायला बसायचे आणि मी समोर. माझी अर्धी वाटी कधीच संपलेली आणि हे तिसऱ्यांदा वाढून घेतायत! माझा नुसता जळफळाट व्हायचा. “मास्टर, सावकाश, ठसका लागेल,” मी म्हणायची आणि मनात म्हणायची, लागू दे एकदाचा. तरी दुसऱ्या दिवशी त्यांची वाट बघायची, कारण पहिल्या घासाला ते डोळे मिटून “वा!” म्हणायचे. आता माझ्या हातचं खाणारं तेवढं एकच तोंड उरलं होतं.

मग एके दिवशी ते दारातच म्हणाले, “ताई, डबाच द्या. काम फार पडलंय.” रोजच काम पडायला लागलं. डबा घासूनपुसून परत यायचा, पण “वा!” नाही.

आणि मी त्यांना जिन्यात पाहिलं. ऐन जेवायच्या वेळी, हातात पिशवी, वर चाललेले. वर पोहायला शिकवणारी एक बाई राहते. उंच, सडसडीत, मान लांब. मी तिचं नाव बगळी ठेवलंय. वरून हसण्याचा आवाज आला तेव्हा सगळा उलगडा झाला. मास्टर तिच्या हातचं जेवत होते! माझा डबा मांजरांना जात असणार.

अंगाचा तिळपापड झाला. बघतेच म्हटलं, ही बगळी काय रांधते ते. दुसऱ्या दिवसापासून मी आणखी मोठा टोप चढवला. भोपळ्याचं सूप, त्यावर भाजलेले दाणे. लिंबू लावून भाजलेला मासा. पालक घालून मसूर. आणि मोठ्या टोपाची चव एकदा बघून भागत नाही. कांदा परतला की चमचा, मीठ पडलं की चमचा, उकळीला एक, उतरवताना एक. जित्याची खोड. डबा द्यायचा, वरच्या हसण्याला कान लावायचा आणि उद्या याहून चांगलं करायचं ठरवायचं.

वजनकाटा आधी थांबला, मग उलटा फिरला. आहारतज्ज्ञ बाईंनी चष्मा काढला.

“काय खाता?”

“अर्धी वाटी. शप्पथ.”

“आणि चव बघता, ते कोण खातं?”

“ते खाणं थोडंच आहे? ते काम आहे.”

“पोटाला काय कळतं, काम कुठलं न् जेवण कुठलं? असंच चाललं तर सगळं वजन परत येईल. मग कशाला एवढं सोसलंत?”

 माझा सगळा राग बगळीवर निघाला. तिच्यामुळेच तर टोप वाढला होता. तशीच मास्टरांच्या दुकानात गेले, म्हटलं आत घ्यायला दिलेला माझा झगा घ्यावा आणि दोन शब्दही सुनवावेत.

मशीनमागच्या खुंटीवर एक पॅन्ट लटकत होती. कंबर उसवून मोठी केलेली. आतलं दडलेलं कापड बाहेर आल्यामुळे शिवणीलगत गडद पट्टा दिसत होता.

“ही कुणाची?”

मास्टर सुई शोधायला लागले. “माझीच. रागावू नका ताई. तुमचे कपडे आत घेतोय आणि माझे सैल करतोय. डॉक्टरांनी दम भरलाय.”

आता कुठे माझं त्यांच्या पोटाकडे लक्ष गेलं. काडीपहिलवान कुठला! चांगलं तुकतुकीत पोट सुटलं होतं.

“मग माझा डबा?”

“वरच्या बाईंना देतो. दिवसभर पाण्यात असतात, भूक फार लागते त्यांना. मी नुसता गप्पांना बसतो. तुम्हाला नाही कसं म्हणणार?”

म्हणजे बगळी काही रांधतच नव्हती! आयत्या बिळावर नागोबा. तीन माणसांचं खाऊन अंगाला तोळाभर लागत नाही आणि मी इकडे चमच्यांवर फुगतेय.

“रोज म्हणतात,” मास्टर खाली बघून म्हणाले, “करणारी बाई किती सुखी असेल. रोज असलं जेवायला मिळतं तिला.”

झगा तिथेच राहिला. मी घरी आले.

टोप माळ्यावर टाकला. चहाचं भांडं घेतलं, त्यात मूठभर पालक. तळहाताएवढा माशाचा तुकडा, त्यावर लिंबू. मीठ अंदाजाने एक चिमूट. चमचा हातात आला, तो परत ठेवला. बशीत वाढून घेतलं आणि खुर्ची ओढून बसले. मास्टर बसायचे त्याच खुर्चीवर.

मीठ किंचित कमी पडलं होतं. बाकी मासा असा झाला होता की माझेच डोळे मिटले. हे लोक रोज खात होते? कारखान्यातली ती सगळी माणसं, मास्टर, ती बगळी? जन्मभर मी चमचा चाटला आणि जेवले मात्र हे सगळे. मला त्या प्रत्येकाचा इतका हेवा वाटला की रडू आलं. सावकाश चावत राहिले.

दार वाजलं. बगळी. केस ओले, हातात माझा घासलेला डबा.

“काकू, आज डबा आला नाही, म्हटलं आपणच जावं. काय वास सुटलाय! थोडं उरलंय का?”

ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. पूर्वी मी नुसती उभी राहिले तरी दार भरायचं. आता दोन्ही हात चौकटीला लावावे लागले. मागे बशीत दोन घास होते.

“संपलं,” मी म्हटलं.

डबा घेतला, दार लावलं आणि पुन्हा जेवायला बसले.