गंजाचे पाळण्यातले पाय

"या लोखंडाला धीर म्हणून नाही," सर यंत्राच्या पडद्याकडे बघत पुटपुटले. "प्राणवायू दाखवला की हावरटासारखं गिळतंय."

मागे ती उभी होती. तिने ओठ घट्ट मिटले. सरांच्या हाताखालची ती शेवटची विद्यार्थिनी. गंजाचे पाळण्यातले पाय बघायचे, हाच तिच्या प्रबंधाचा विषय. निर्वात टाकीत लोखंडाचा तुकडा लख्ख करायचा, झडप किंचित उघडून प्राणवायूची पुसटशी फुंकर द्यायची, मग क्ष-किरण मारून पृष्ठभागातून उडालेल्या इलेक्ट्रॉनांना विचारायचं, बाबांनो, लोखंड अजून कोरं आहे की गंजायला लागलं?

इलेक्ट्रॉन खरं तेच सांगत. पण दर खेपेला पाळणा रिकामा आणि बाळ थेट लग्नाचं झालेलं, म्हणजे लोखंड पार गंजलेलं.

दोष शोधायला कुणी कमी केलं नव्हतं. प्राणवायूची नळी बदलून झाली, विजेला शिव्या देऊन झाल्या, पंप सांभाळणाऱ्या दादांनी तर पंपाची आतडी बाहेर काढून पुन्हा भरली. सगळीकडे बघून झालं, फक्त सरांच्या उजव्या हाताकडे कुणी बघत नव्हतं. यंत्र त्यांनी तरुणपणी स्वतः जुळवलेलं. झडपेला दुसऱ्या कुणाला शिवू देत नसत. "त्याला हलका हात लागतो," म्हणायचे. होताही तसा, एके काळी. आता दादा त्यांना चहा अर्धाच कप देत, आणि का ते कुणी विचारत नसे.

सर आज निवृत्त होणार होते, उद्यापासून यंत्र दुसऱ्या गटाचं. आजचा तुकडा हुकला की तिचा प्रबंध बुडाला.

"सर, आज झडप मी उघडू?"

"का? माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

दादा घाईघाईने पंपाखाली वाकले. "तेल बघतो जरा."

"सकाळीच बघितलंत ना, दादा?"

"तेलाचा काय भरवसा, ताई," पंपाखालून आवाज आला.

सरांनी झडपेवर हात ठेवला. तिने त्यावर आपला हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. हाताखाली नुसती फडफड. सरांनी हात काढला नाही. पंपाखाली दादांनी श्वास रोखला होता.

"हात थरथरतो तुमचा, सर," ती हळूच म्हणाली. "लोखंड बिचारं निर्दोष आहे."